संघमित्रा उतार सोडते

चारठाण्याच्या अलीकडचे आपले गाव,
ता. जिंतूर, जि. परभणी.
फेब्रुवारीचा पहिला रविवार

आदरणीय बालाजीमामा यांस,

धम्मशीलाचा सविनय जयभीम. (चरणस्पर्श लिहिणार होते, परंतु पाया पडलेले तुम्हांला आवडत नाही, आणि लडाखपर्यंतचे अंतर पाहता ते अवघडही आहे.) तुमची प्रकृती कशी आहे? मागच्या वेळी नेटवर्क मिळावे म्हणून तुम्ही टेकडी चढलात, टेकडी चढल्यामुळे तुमचा गुडघा दुखला, आणि आईने फोनवरचा सगळा वेळ त्या गुडघ्याचीच चौकशी करण्यात घालवला. त्यामुळे गुडघा सोडून उर्वरित मामा कसे आहेत हे आम्हांला कळलेच नाही. ते सविस्तर कळवावे.

आमच्याकडे सर्व कुशल आहे. आईच्या तळहातांच्या भेगा बुजत आल्या आहेत, अण्णांनी नवा मफलर घेतला आहे पण जुनाच बांधतात, माझा बी.ए.च्या शेवटच्या वर्षाचा अभ्यास चालू आहे, आणि संघमित्रेचा खोकला पूर्णपणे थांबला आहे. येथे एक खुलासा करणे मला आवश्यक वाटते. माझी पत्रे तुम्ही तुमच्या सोबत्यांना वाचून दाखवता हे ऐकून मला संकोच आणि आनंद दोन्ही झाले. परंतु मागच्या पत्रातील ‘संघमित्रा पहाटे फार खोकते, काळा धूर टाकते आणि चार माणसांनी ढकलल्याशिवाय जागची हलत नाही’ हे वाक्य ऐकून त्यांनी जी औषधे पाठवली, ती आम्ही अजून जपून ठेवली आहेत. संघमित्रा ही माझी बहीण नसून अण्णांचा ट्रक आहे, हे कृपया त्यांना सांगावे. काचेवर तिचे नाव लिहिलेले आहे. सम्राट अशोकाची कन्या बोधिवृक्षाची फांदी घेऊन समुद्र ओलांडून गेली होती. तिच्या नावाच्या गाडीला मेथी घेऊन जिंतूरपर्यंत जायला हरकत नसावी, एवढीच अण्णांची माफक अपेक्षा असते.

या पत्राचे मुख्य कारण कृतज्ञता हे आहे. तुम्ही पाठवलेला इंजिन तापवायचा हीटर आम्हांला मिळाला, बसला आणि चालला. हे तीन शब्द लिहायला सोपे आहेत. ते घडायला जवळजवळ सगळा हिवाळा लागला, म्हणून पत्र उशिरा लिहीत आहे, क्षमा असावी.

तुमच्याकडे नद्या गोठतात. अशा माणसासमोर परभणी जिल्ह्याच्या थंडीचे गाऱ्हाणे मांडणे म्हणजे पोहणाऱ्याला घागर दाखवण्यासारखे आहे, हे मी जाणते. तरीही आपला जिल्हा वर्षातून दोन वेळा वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर येतो, एकदा उन्हामुळे आणि एकदा थंडीमुळे, आणि दोन्ही वेळा संघमित्रा आजारी पडते. हिवाळ्यात तिच्यावर आजवर जे उपचार झाले ते तुम्ही पाहिलेच आहेत. चुलीवरचे आंघोळीचे पाणी आधी तिच्या रेडिएटरमध्ये जाई आणि उरलेले आम्हांला मिळे. त्याने भागले नाही तर अण्णा घमेल्यात गोवऱ्या पेटवून ते इंजिनाखाली सरकवीत. (एकदा त्यात चाकामागचे रबर जळाले आणि त्या दिवशीच्या फ्लॉवरला जो वास लागला, त्याची आठवण जिंतूरचे व्यापारी अजून काढतात.) आणि तेवढ्यानेही भागले नाही, म्हणजे जवळजवळ दररोज, धक्का.

तुमच्या सोबत्यांसाठी धक्क्याची पद्धत थोडक्यात लिहिते. ट्रक नेहमी शाळेपुढच्या उतारावर उभा असतो. जुन्या गाडीच्या मालकाला उतार हाच आधार. अण्णा लग्नाला निघाले तरी आधी त्या गावात उतार कुठे आहे ते विचारतात आणि मग मुहूर्त. पहाटे गल्लीतील माणसे मफलर आवळत तेथे जमतात, कारण बहुतेकांच्या भाज्या ट्रकमध्ये असतात. सर्वांनी मागून ढकलायचे, आणि सर्वांत हलक्या माणसाने आत बसून, दुसरा गिअर टाकून, क्लच दाबून धरायचा. गाडीला वेग आला की अण्णा मागून ‘सोड’ म्हणून ओरडतात आणि आतल्याने क्लच सोडायचा. इंजिन धडधडले की अण्णा पळत येऊन दार उघडतात, आतला बाजूला सरकतो, ते चाक हाती घेतात. दहावीत असल्यापासून ते सर्वांत हलके माणूस मी आहे. ढकलण्यात माझा उपयोग नव्हता, आणि चार लोकांसमोर उभे राहण्यापेक्षा काचेआड बसणे मला सोयीचे होते. माणसे जमेपर्यंत मी तेथे टॉर्चच्या उजेडात अभ्यास करीत असे; माझे अर्धे मराठी साहित्य त्या आसनावर झालेले आहे. काम संपले की सर्वांना आमच्या घरी चहा. आई म्हणते, आपला ट्रक डिझेलपेक्षा चहापत्तीवर जास्त चालतो.

यंदा मात्र ही गंमत राहिली नव्हती. जिंतूरला भाजीची हर्राशी उजाडता उजाडता आटोपते. बोली संपल्यावर पोचलेल्या मेथीकडे कोणी पाहत नाही. उताराच्या वरच्या अंगाला घर असलेल्या व्यंकटरावांनी दसऱ्याला नवी पिकअप घेतली, आणि ती किल्ली दाखवताच चालू होते. डिसेंबरात आपली गाडी ओळीने उशिरा पोचली तेव्हा सुलाबाई घरी आल्या. (सुलाबाई म्हणजे ओढ्यालगतच्या पट्टीत मेथी लावणाऱ्या, अण्णांना त्यांनी लहानपणी कडेवर खेळवले आहे, त्यामुळे त्यांना काहीही बोलण्याचा अधिकार आहे.) त्या बराच वेळ आईशी लोणच्याबद्दल बोलल्या आणि उठताना अण्णांकडे न बघता म्हणाल्या, ‘‘सिताराम, म्या तुझ्या शब्दाभाईर न्हाई. पर मेथी थांबत न्हाई बाबा.’’ त्या दिवशी अण्णा दुपारभर ट्रकची काच पुसत होते, आणि काच स्वच्छच होती.

नेमक्या त्याच आठवड्यात तुमचे पार्सल आले.

पार्सल उघडायला निम्मी गल्ली अंगणात जमली. आतून एक पितळी टोपी, तिला वाकवलेली तांबूस सळई आणि मागे जाड काळी वायर निघाली. सोबत इंग्रजी माहितीपुस्तिका. बारावीला मी मराठीत तालुक्यात पहिली आले तेव्हापासून अण्णांची अशी समजूत आहे की मला सर्व काही वाचता येते. त्यांनी पुस्तिका माझ्या हाती दिली आणि सर्वजण शांत झाले. अशा शांततेत माझा आवाज नेहमी घशातल्या घशात राहतो. शब्दकोश मांडीवर घेऊन मी कसेबसे वाचले की, सदर उपकरण इंजिनाच्या ठोकळ्यात वसवावे, जेणेकरून तेथील शीतक द्रव उष्ण राहून प्रारंभ सुलभ होईल. सुलाबाईंनी अगदी मनापासून ऐकले आणि म्हणाल्या, ‘‘पोरी, लय छान वाचलंस. आता मराठीत सांग.’’ मी सांगितले की इंजिनातले पाणी रात्रभर कोमट राहते आणि मग पहाटे गाडी लवकर चालू होते. त्यावर त्यांनी विचारले की एवढ्यासाठी एवढे पुस्तक कशाला छापले.

पुस्तिकेत पाण्याबाहेर हीटर चालू करू नये अशी ठळक ताकीद होती. ती मी दोनदा वाचून दाखवली आणि हीच माझी चूक झाली. कारण आईने त्यातून तो पाण्यात चालू करावा एवढेच घेतले. वस्तू लांबून आली आहे, ट्रकमध्ये घालण्याआधी चालते की नाही ते पाहायला हवे, असे तिचे म्हणणे पडले, आणि तुमचा हीटर आंघोळीच्या बादलीत सोडण्यात आला. मामा, तो अतिशय उत्तम चालतो. अण्णांनी त्या दिवशी दोन वेळा आंघोळ केली. दुसऱ्या दिवशी चाचणी पुन्हा घ्यावी असे ठरले, तिसऱ्या दिवशीही. त्या आठवड्यात आमच्या घराइतके स्वच्छ कुटुंब तालुक्यात नसावे. शेजारच्या दोन घरांनीही बादल्या आणून चाचणीत सहकार्य केले. बाहेर संघमित्रा मात्र थंडीत कुडकुडत होती आणि तिला पूर्वीप्रमाणे धक्का देणे चालूच होते. (बादलीबद्दलचीही कृतज्ञता येथेच नोंदवते, म्हणजे ती राहून जाणार नाही.)

शेवटी हीटर बसवायला चंद्रभानकाका आले. ते विहिरीवरच्या मोटारी दुरुस्त करतात आणि जगातील सर्व यंत्रे मूलतः विहिरीवरचीच मोटार आहेत असे मानतात. इंजिनाच्या अंगाला रुपयाच्या आकाराची एक लोखंडी चकती दाबून बसवलेली असते. ती काढून त्या भोकात हीटर बसवायचा होता. काढण्यापूर्वी आतले पाणी सोडून द्यावे, असे पुस्तिकेतील वाक्य मी मनात जुळवत होते. ते जुळून ओठांपर्यंत येईतो काकांनी छिन्नी ठोकली होती. इतक्या वर्षांचे तांबडे गंजके पाणी एकदम उसळून त्यांच्या नव्या पांढऱ्या स्वेटरवर आले. दुसरा कोणी असता तर रागावला असता. चंद्रभानकाका मात्र आयुष्यभराच्या सवयीने हात वर करून म्हणाले, ‘‘लागलं पाणी.’’ आणि बघायला जमलेल्यांपैकी दोघांनी, सवयीनेच, नारळ कुठे आहे असे विचारले.

हीटर भोकात बरोबर बसला. हे लिहिताना मला थोडा अभिमान वाटतो, कारण दिवाळीत तुम्ही फोनवर मागितलेले माप मी दहावीच्या कंपासपेटीतील कर्कटकाने घेतले होते. त्या कर्कटकाचा शालेय शिक्षण संपल्यानंतर प्रथमच उपयोग झाला.

यानंतर वायरचा प्रश्न आला, आणि येथून पुढे जे घडले त्यात गावातील एकही शहाणा माणूस निर्दोष राहिला नाही. ट्रक शाळेपुढच्या उतारावर, आमचे घर खाली खोलगटात, आणि वीज घरात. एवढ्या लांब वायर न्यायची कशी, यावर अंगणात बैठक भरली. बाभळीवरून न्यावी, गटाराच्या कडेने न्यावी, शाळेच्या भिंतीला खिळे मारावेत. मी मोजपट्टीने मोजून, प्रमाण लिहून, एक नकाशाही काढला. (नकाशा चांगला झाला होता. सोबत जोडत आहे.) उताराच्या सर्वांत जवळचे बटण व्यंकटरावांच्या पडवीत होते, हे सर्वांना दिसत होते, पण ज्यांच्या पिकअपमुळे ही पाळी आली त्यांच्याकडे वीज मागणे अण्णांना जड जात होते. तेव्हा व्यंकटराव स्वतःच पडवीतून खाली आले आणि म्हणाले, ‘‘सितारामभाऊ, वायर इकडं द्या. माझी गाडी काय सगळ्या गावाची मेथी उचलायलीय का?’’ अण्णांनी वायर दिली. मग त्यांनी व्यंकटरावांच्या पिकअपची काच पुसली.

त्या दिवशी संध्याकाळी हीटर लावला. व्यंकटरावांच्या मातोश्री निजण्यापूर्वी घरातील प्रत्येक बटण बंद करतात. वीज गावात आल्यापासूनचा त्यांचा नेम आहे. तो त्यांनी त्या दिवशीही पाळला. पहाटे इंजिन नेहमीसारखे बर्फ होते. अण्णांनी किल्ली फिरवली, संघमित्रा खोकली आणि गप्प झाली. उशीर होत होता. माणसे मागे गेली, मी आत बसले, धक्का बसला, ‘सोड’ ऐकू आले, मी सोडले, गाडी चालू झाली, अण्णा चढले आणि निघाले. वायर काढायचे कोणाच्याच ध्यानात आले नव्हते. तिच्या मागोमाग व्यंकटरावांच्या पडवीतील बटणांचा लाकडी बोर्डही भिंतीतून निघाला आणि ट्रकच्या मागून खडखडत जिंतूरपर्यंत गेला. अण्णांना तो आवाज ऐकू आला होता. पण गाडीत नवीन यंत्र बसवले आहे, तेव्हा थोडा नवीन आवाज येणारच, असे त्यांना वाटले. हर्राशी अर्थातच संपली होती. संध्याकाळी अण्णा बोर्ड धुऊन, पुसून, वर्तमानपत्रात गुंडाळून परत द्यायला गेले, तेव्हा व्यंकटराव एवढेच म्हणाले की बोर्ड जिंतूर बघून आला, आमची म्हातारी अजून गेली न्हाई.

त्याच दिवशी दुसरी बैठक भरली. आता वायर कुठून न्यावी यावर पुन्हा मतभेद झाले. मी नकाशाची सुधारित प्रत काढू लागले. आई चहा गाळत होती. तिने गाळता गाळता, कोणाकडेही न बघता विचारले, ‘‘वायर तिकडं न्यायच्यापरीस गाडीच इकडं आणली तर?’’

मामा, अंगणात चंद्रभानकाका होते, व्यंकटराव होते, सुलाबाई होत्या, आणि तालुक्यात पहिली आलेली तुमची भाचीही होती. आमच्यापैकी कोणाच्याही मनात हे आले नव्हते. ट्रक उतारावरच असतो. तो घरी आणता येतो ही कल्पनाच आम्हांला नवीन होती. थंड गाडीसाठी उतार लागतो, आणि गाडी थंड राहू नये म्हणून तर हीटर. तरीही आम्ही सर्वजण हीटरला उतारावर नेऊ पाहत होतो.

पण अण्णांनी कप खाली ठेवला. त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. घर खोलगटात आहे. गाडी तेथे चालू झाली नाही तर तिला चढावर ढकलून नेणे माणसांच्या आवाक्यातले नाही. मग त्या दिवसाची भाजी गेली, आणि सुलाबाई बोलल्या नाहीत तरी पुढच्या दिवशी कोणाचा माल कोणत्या गाडीत जाईल हे सर्वांना कळत होते. हीटरचा विश्वास धरायचा तर उतार सोडायचा, आणि उतार सोडला की परतीची वाट नाही. अण्णा माझ्याकडे वळले आणि त्यांनी विचारले, ‘‘शीला, पुस्तक तू वाचलंयस. व्हईल का चालू?’’

सर्वांनी माझ्याकडे पाहिले. परीक्षेत मी उत्तरपत्रिकेला पुरवण्या जोडते. येथे मला एकच शब्द सुचला. मी ‘‘होईल’’ म्हणाले. इतक्या लोकांदेखत मी उच्चारलेला हा सर्वांत लहान शब्द असावा. त्यानंतर मी पुस्तिका पुन्हा अथपासून इतिपर्यंत वाचून काढली, कारण शब्द दिल्यावर शंका येऊ लागतात.

संघमित्रा संध्याकाळी घरापुढे आली. आमच्या खिडकीतून वायर सरळ तिच्यापर्यंत पोचली, आणि आईने बटणावर चिकटपट्टी लावली. पहाटे मी बाहेर आले तर सारी गल्ली खोलगटात हजर होती. कोणी बोलावले नव्हते. भाज्या भरून झाल्यावर सगळे नेहमीप्रमाणे ट्रकच्या मागे जाऊन उभे राहिले. सुलाबाईसुद्धा मागच्या फळीला हात लावून होत्या. अण्णांनी इंजिनाला हात लावला आणि झटकन काढून घेतला. मग पुन्हा लावला आणि बराच वेळ तेथेच ठेवला. वायर त्यांनी स्वतः काढली, गुंडाळली, खिडकीतून आत दिली. एवढे झाल्यावर त्यांनी चाकावर बसावे ना? ते मला म्हणाले, ‘‘तू बस,’’ आणि स्वतः मागे ढकलायला गेले. विश्वास ठेवला तरी हात मागे लावून ठेवावा, अशी त्यांची भूमिका असावी.

मी बसले. दुसरा गिअर टाकला, क्लच दाबला. मला एवढेच येते. अण्णांनी मागून किल्ली फिरव असे सांगितले. मी फिरवली. संघमित्रा खोकली नाही, कुरकुरली नाही. झोपेतून आपण होऊन उठलेल्या माणसासारखी एकदम चालू झाली. मग, इतक्या वर्षांच्या सवयीने, अण्णा ओरडले, ‘‘सोड!’’

आणि इतक्या वर्षांच्या सवयीने मी सोडला.

गाडी पुढे गेली. ज्यांचे हात फळीवर होते ते सर्वजण फळी नाहीशी झाल्यामुळे एकमेकांवर पडले. चंद्रभानकाकांच्या स्वेटरला आता मातीचाही रंग आहे. दार उघडून अण्णा येतील आणि मी बाजूला सरकेन, याची मी वाट पाहत होते. पण अण्णा व्यंकटरावांच्या खाली होते. मला अतिशय भीती वाटली. गाडी चढ चढू लागली. मी तिला माहीत असलेल्या एकाच ठिकाणी नेले, शाळेपुढे, तिच्या रोजच्या जागेवर, आणि तेथे पोचल्यावर ब्रेक असावा असे वाटणाऱ्या वस्तूवर दोन्ही पाय ठेवले. गाडी एक हिसका देऊन थांबली आणि बंद पडली.

अण्णा पळत आले, मफलर सुटलेला, धाप लागलेली. मी उतरू लागले. ते माझ्या बाजूला आलेच नाहीत. पलीकडचे दार उघडून, क्लीनर बसतो त्या जागी, ते जन्मात पहिल्यांदा बसले. खोलगटाचा चढ संपून समोर रोजचा उतार लागला होता, मागून माणसे येत होती. अण्णांनी त्या उताराकडे पाहिले आणि म्हणाले, ‘‘धक्का नगं. किल्ली फिरव.’’ मी फिरवली, आणि संघमित्रा दुसऱ्यांदा पहिल्याच प्रयत्नात चालू झाली. त्यानंतर त्यांनी चाक घेतले. त्या दिवशी आपला ट्रक जिंतूरला इतका लवकर पोचला की बोली लावणारे अजून दात घासत होते, आणि सुलाबाईंची मेथी सर्वांत आधी गेली. परतल्यावर त्या मला म्हणाल्या की तुझं ते पुस्तक बरं हाय, पर लय हळू बोलतंय.

तेव्हापासून ट्रक घरापुढे असतो. पहाटे अण्णा एकटेच बाहेर जातात, किल्ली फिरवतात आणि निघतात. गल्लीतील माणसे मात्र अजूनही येतात. खिशात हात घालून उभी राहतात, गाडी गेली की तिच्याकडे थोडा वेळ पाहतात आणि चहा पिऊन जातात. व्यंकटरावही येतात. अण्णा आता जेवताना सुलाबाईंच्या मेथीला नावे ठेवतात, यावरून त्यांचे मन किती स्वस्थ आहे ते तुम्हांला समजेल. ही स्वस्थता तुम्ही लडाखहून पाठवली, मामा. तिच्यासाठी योग्य शब्द माझ्या शब्दकोशात नाही, आणि तो कोश बराच मोठा आहे. माझे पहाटेचे काम संपल्यामुळे आता मला घरात, उबदार पांघरुणात अभ्यास करता येतो. त्याबद्दलही मी ऋणी आहे, असे लिहिणे क्रमप्राप्त आहे.

आईचा आशीर्वाद, अण्णांचा जयभीम, आणि अंगणात बसलेल्या सर्वांची आठवण. गुडघ्याला जपावे.

तुमची आज्ञाधारक भाची,
धम्मशीला

ता.क. : पत्र पूर्ण होईतो थंडी संपली. परवापासून संघमित्रा हीटरशिवायच चालू होते आणि हीटर पुन्हा बादलीत आहे. अण्णा विचारतात की उन्हाळ्यात इंजिन तापू नये म्हणून असेच एखादे थंड करायचे यंत्र लडाखात मिळते का. तेथे थंडी भरपूर असल्याने ते सहज मिळावे, असा त्यांचा कयास आहे.

ता.क. दुसरा : हा भाग सोबत्यांना वाचून दाखवू नये. गाडी पुढे सरकली तेव्हा मला अतिशय भीती वाटली, असे मी वर लिहिले आहे. ते चढ सुरू होईपर्यंत खरे आहे. त्यानंतर शाळा येईपर्यंत जे वाटले ती भीती नव्हती, आणि उबदार पांघरुणात अभ्यास होत नाही. मला ट्रक चालवायला शिकायचे आहे. शिकाऊ परवान्याची परीक्षा मी कॉलेजच्या संगणकावर कोणाला न सांगता दिली आहे. पैकीच्या पैकी गुण आहेत. अण्णांना हे सांगायला मला तोंड उघडवत नाही. ते लडाखहून आलेली प्रत्येक गोष्ट ऐकतात. तेव्हा पुढच्या वेळी टेकडी चढाल, तेव्हा गुडघ्याचा विषय थोडक्यात आटोपून, तुम्हांलाच सुचल्यासारखे त्यांना हे सुचवावे. एवढ्यासाठीच हे पत्र लिहिले. बाकी कृतज्ञताही खरीच आहे.

ता.क. तिसरा : दुसरा ताजा कलम रद्द समजावा. पाकीट आज टाकायचे होते, म्हणून पहाटे अण्णांच्या हाती द्यायला बाहेर गेले. चाकामागच्या आसनावर आईची जुनी वाकळ चौपदरी घडी करून ठेवलेली होती, म्हणजे बसणाऱ्याला उंची यावी. अण्णा क्लीनरच्या जागी बसले होते आणि समोरची काच पुसत होते. मी दार धरून उभी राहिले. ते माझ्याकडे न बघता म्हणाले, ‘‘आधी ब्रेक कुठं हाय ते दाव. सोडायचं तुला येतंच.’’